पडद्यातलं शिसं

ओडवारचं सकाळी आधी लक्ष गेलं ते पडद्याकडे. खिडकी रोजच्याइतकीच उघडी होती, खाडीवरून येणारा वाराही रोजचाच होता, पण बैठकीच्या खोलीतला पडदा थेट खिडकीबाहेर जाऊन शिडासारखा फडफडत होता. ओडवार कॉफीचा कप हातात धरून बघत राहिला. हे पडदे त्याच्या बायकोनं, सुल्वैगनं, स्वतः शिवले होते. ती जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तिच्या माघारी एकदाही पडदा असा उधळला नव्हता.

"का बरं?" तो स्वतःशीच म्हणाला.

गावात त्याला 'का-ओडवार' म्हणत. सगळं आयुष्य त्यानं शाळेची बस चालवली होती आणि त्या बसमध्ये मुलं ड्रायव्हरला प्रश्न विचारत नसत, ड्रायव्हर मुलांना विचारायचा. बर्फ पायाखाली करकरतो तो कशामुळे? तुझ्या आजीनं मेंढ्या का विकल्या? उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर तोच प्रश्न पुन्हा. पडद्याचंही उत्तर त्यानं शोधलं असतं, पण आज घाई होती. नातीला इस्पितळात न्यायचं होतं.

नात सुन्निवा पंधरा वर्षांची. तिची आई समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, ती कामावर असली की सुन्निवा आजोबांकडे राही. उन्हाळ्यात प्लॅस्टिकच्या उतारावर स्कीच्या उडीचा सराव करताना पोरगी पडली आणि तिचं मनगट मोडलं. हाड जुळवायला डॉक्टरांनी दोन तारा घातल्या होत्या. आज त्या काढायच्या होत्या. तसं हे काम जागेपणीच उरकतात, पण मागच्या खेपेला नुसती पट्टी बदलताना सुन्निवा बेशुद्ध पडली होती आणि पडता पडता तिनं पट्टी बदलणाऱ्याला लाथ मारली होती. म्हणून या खेपेला गुंगीचं औषध देऊन तारा काढायचं ठरलं होतं.

"सुन्निवा! झालं का?"

"आले!"

ती जिना उतरली आणि ओडवारनं मान वर केली. ही पोरगी जिना उतरते तेव्हा आवाज होत नाही. मांजरीसारखी येते आणि एकदम मागून भॉक करते. आज मात्र पायरीपायरीवर धप्प, धप्प.

"काय गं, पायाला काय झालं?"

"काही नाही."

"मग हत्तीसारखी का उतरलीस?"

"आजोबा, सकाळी सकाळी सुरू नको ना करू."

ऑगस्टातही तिनं जाड लोकरी मोजे गुडघ्यापर्यंत ओढले होते, वर ढगळ पायजमा आणि क्लबचं जाकीट. गाडीत ती पाय जुळवून, हलायचंच नाही असं ठरवल्यासारखी बसली.

"बैठकीतला पडदा बघितलास? बाहेर उडतोय."

सुन्निवा काचेतून बाहेर बघत म्हणाली, "वारा असेल."

"वारा कालही होता."

"मग आजचा वेगळा असेल. मला काय माहीत?"

ओडवारला वाटलं, पोरगी घाबरली आहे. त्यानं विषय बदलला. "मला एक सांग हं नंतर. गुंगीत गेल्यावर आत काय दिसतं. अंधार असतो की नुसतं काही नसतं? दोन्हीत फरक आहे."

"आजोबा!"

"मला कधी दिलंच नाही ना कुणी. विचारायला नको?"

पण पोरगी कशाला घाबरली होती ते त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. महिनाअखेरीला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. ओडवार तरुणपणी स्वतः स्कीवरून उड्या मारायचा, त्यामुळे हे वेड काय असतं ते तो जाणून होता. त्याच्या काळात फक्त हिंमत लागायची. आता नियम आले होते. उडी मारणारा जितका हलका तितका तो हवेत लांब जातो, हे कळल्यावर पोरं जेवणं सोडायला लागली. मग वरच्या लोकांनी ठरवलं की उंचीच्या मानानं वजन कमी भरलं तर स्की आखूड. आखूड स्कीखाली हवा कमी धरली जाते आणि उडी तोकडी पडते. हेतू चांगला होता. पण पोरं ती पोरंच. हवेत हलकं आणि काट्यावर जड, एवढं ज्याला जमलं तो जिंकला.

इस्पितळ लहानसं, खाडीच्या टोकाला. आत गेल्या गेल्या सुन्निवा म्हणाली, "मी जरा बाथरूमला जाऊन येते." बराच वेळ लागला. आली तेव्हा तिचे ओठ ओले होते.

तपासणीच्या खोलीत गुनवर होती. गुनवर ही इथली जुनी परिचारिका, ओडवारच्या मुलीबरोबर शाळेत, ओडवारच्याच बसमध्ये बसून मोठी झालेली. आणि सुन्निवाच्या प्रशिक्षकाची, हालवरची, सख्खी बहीण. तिला बघून सुन्निवाचा चेहरा उतरला.

"या या, का-ओडवार! तुझे प्रश्न बुटांबरोबर बाहेर काढून ठेवायचेस ना."

"बुटांना वास येतो म्हणून काढायचे. प्रश्नांना कुठे येतो?"

"तुझ्या येतो." गुनवरनं काट्याकडे बोट केलं. "चल सुन्निवा, जाकीट काढ आणि उभी राहा. मोजे असू देत, फरशी गार आहे."

सुन्निवा काट्यावर चढली. आकडा थरथरला आणि थांबला. गुनवरनं तो लिहून घेतला.

"छान. सहा आठवडे घरी बसून अंगाला काही लागलेलं दिसतंय."

"आजोबा खूप खायला घालतात," सुन्निवा म्हणाली.

ओडवारच्या कपाळाला आठी पडली. तो खायला घालत होता हे खरं, पण ताटातलं अर्धं कुत्र्याच्या पोटात जात होतं. कुत्रं मात्र चांगलं गुबगुबीत झालं होतं. पण तो बोलला नाही, कारण तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आल्या होत्या.

डॉक्टर योरुन बर्गन शहरातून नव्यानं आलेल्या, उंच, केस आखूड कापलेल्या. गुंगी आणि भूल देणं हेच त्यांचं काम. त्यांनी सुन्निवाशी हात मिळवला, घसा बघितला, मान वळवून बघितली, छातीला नळी लावली. "सकाळपासून काही खाल्लं? प्यायलं?"

"नाही."

"शहाणी."

"मला विचारायचं होतं," ओडवार म्हणाला.

"झालं सुरू," गुनवर छताकडे बघून म्हणाली.

"हे वजन कशाला केलंत? आम्ही काय हिला मासळीबाजारात विकणार आहोत?"

डॉक्टर हसल्या. "विचारा, विचारा. मला कुणी विचारतच नाही. सगळ्यांना फक्त किती वेळ लागेल तेवढं हवं असतं." त्या खुर्ची ओढून बसल्या. "वजन कळलं की औषध कुठून सुरू करायचं आणि कुठल्या पुढे अजिबात जायचं नाही, या दोन खुणा मिळतात. मधला सगळा रस्ता मी हिच्याकडे बघत चालते."

"म्हणजे सगळं एकदम देत नाही?"

"नाही. थोडं द्यायचं, थांबायचं, बघायचं. पुन्हा थोडं. हिच्या वयाची मुलं अवघड असतात. अंग मोठ्या माणसाचं दिसतं, पण औषधाशी वागतं कधी मोठ्यासारखं, कधी लहान मुलासारखं. एखादा थेंबभर औषधात घोरायला लागतो, तर एखादी झोपायच्या ऐवजी उठून माझ्याशीच भांडते."

"ही भांडणारी आहे."

"आजोबा, प्लीज," सुन्निवा म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक आला.

"आणि जास्त पडलं तर?"

"तर श्वास मंदावतो. आधी हळू, मग उथळ, मग शरीर श्वास घ्यायचं विसरतं. म्हणून मी उशाशी बसून असते. बोटाला चिमटा लावलेला असतो, नाकाशी नळी असते, ती प्रत्येक श्वास मोजते. पण यंत्रापेक्षा मला माझ्या खुणा बरोबर असलेल्या जास्त आवडतात."

"खुणा चुकल्या तर?"

"कशा चुकतील? आत्ताच तर मोजलं." डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. "तसं थोडं इकडेतिकडे झालं तर मी सांभाळून घेईन. मला धास्ती असते ती उपाशी राहणाऱ्यांची. अंगात काही नसलं की तेवढंच औषध जास्त चढतं. पण हिचं वजन तर चांगलं आहे."

सुन्निवा मोज्यांच्या काठाशी चाळा करत होती. बाहेर वारा सुटला आणि खिडकीवरचा पडदा पुढे आला, मागे गेला. त्याचा खालचा काठ खोली गरम ठेवणाऱ्या लोखंडी नळ्यांवर आपटला. ठक्.

ओडवारनं तिकडे बघितलं. पुन्हा ठक्. कापड असा आवाज करत नाही. तो उठला, खिडकीशी गेला आणि पडद्याचा काठ त्यानं बोटांत धरला. आत काहीतरी होतं, गोल, मण्यांच्या माळेसारखं, जड. सुल्वैग शिवणयंत्राशी बसलेली त्याला आठवली. तिच्या मांडीवर करड्या रंगाची लांबलचक दोरी होती आणि त्यानं विचारलं होतं, हे काय? शिसं, ती म्हणाली होती, हे काठात घातलं की पडदा जागच्या जागी राहतो, तुझ्यासारखा भटकत नाही.

घरात खिडक्या पाच. पडदे दहा.

ओडवार पडद्याचा काठ हातात धरून तसाच उभा राहिला. पाठीमागे पोरगी होती, तिच्याकडे वळायची त्याला भीती वाटली. एक शब्द बोलला तर महिनाअखेरीची निवड गेलीच म्हणायची, कारण प्रशिक्षकाची बहीण इथेच उभी होती. आणि नाही बोलला तर डॉक्टर चुकीच्या खुणा धरून चालायला लागणार. पोरीनं वर्षभर पहाटे उठून त्या उताराच्या पायऱ्या चढल्या होत्या, ते त्यानं बघितलं होतं. ती आयुष्यभर त्याच्याशी बोलली नाही तर? बोलली नाही तरी श्वास घेत असेल, त्यानं स्वतःला सांगितलं.

"गुनवर," तो म्हणाला, "कॉफी मिळेल का गं?"

"मी काय हॉटेल काढलंय?"

"काळी. आणि सावकाश कर."

गुनवरनं त्याच्याकडे नीट बघितलं. बसमध्ये ओडवारचा आवाज असा शांत झाला की मुलं खाली बसत, हे तिला आठवलं असावं. ती निघून गेली.

ओडवार वळला. आयुष्यभर त्याला एकच गोष्ट येत होती, तीच त्यानं केली. त्यानं प्रश्न विचारला.

"सुन्निवा, आपल्या घरचा पडदा का उडतो?"

डॉक्टर चक्रावून एकदा आजोबांकडे आणि एकदा नातीकडे बघत राहिल्या. सुन्निवाचे कान लाल झाले. तिनं ओठ चावला. मग खाली वाकून तिनं एका हातानं मोजा गुंडाळायला सुरुवात केली. पोटरीभोवती करडी दोरी वळसे घालून गुंडाळलेली होती. ती सुटली आणि फरशीवर खळ्ळकन पडली. मग दुसऱ्या पायाची. मग तिनं कमरेपाशी हात घातला आणि ओढत गेली, ओढत गेली, जादूगार तोंडातून रुमाल काढतो तशी.

"सगळ्या खिडक्या?" ओडवारनं विचारलं.

"स्वयंपाकघरातली सोडून. तिथे शिसं नव्हतं."

"तिथे जाळीचे पडदे आहेत. त्यांना लागत नाही."

डॉक्टर खाली वाकल्या, दोरीचं टोक उचलून त्यांनी तळहातावर तोललं. रागावण्याऐवजी त्यांच्या डोळ्यांत लहान मुलासारखं नवल होतं. "हे तुला सुचलं? वजन वाढवून दाखवायचं? माझ्याकडे येतात त्या सगळ्या मुली कमी करून सांगतात."

"त्या उड्या नाही मारत," सुन्निवा म्हणाली.

तिनं तुटक तुटक सांगितलं. पडल्यापासून सराव बंद, अंगावर मांस चढेल या धास्तीनं तिनं जेवण कमी केलं. इतकं कमी झालं की आता काट्यावर उभं राहायचीच भीती. आणि पहिलाच काटा इथला, हालवरची बहीण काम करते तिथला. "तिनं त्याला सांगितलं असतं. मग स्की आखूड. मग मी घरी."

"आणखी काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आणखी काही नाही."

"शिसं हा तुझा शोध. पण उडी मारणाऱ्यांची जुनी युक्ती कुठली असते? माझा भाऊ कुस्ती खेळायचा, त्याची युक्ती याच्या बरोबर उलट होती. तो थुंकून थुंकून वजन उतरवायचा. तुम्ही काय करता?"

सुन्निवा जमिनीकडे बघत राहिली. ओडवारला बाथरूममधून आलेली ती आठवली, ओल्या ओठांची. हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

"पाणी," ती म्हणाली. "काट्याआधी सगळेच पितात. बाटली भरून. मी दीड बाटली प्यायले."

"आत्ता?"

"आत्ता."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "शिशाचं मी एकवेळ सांभाळलं असतं. थोडं थोडं देत होते, बघत होते. पण हे पाणी मला दिसलं नसतं. झोपेत घसा राखणदारी सोडतो. पोटातलं वर आलं असतं आणि फुप्फुसात गेलं असतं. तू खोकलीही नसतीस."

सुन्निवा रडायला लागली. आवाज न करता, नाक पुसत. ओडवारला तिच्या जवळ जायचं होतं, पण पायात शिशाची दोरी अडकली आणि तो धडपडला. नेमकी त्याच वेळी गुनवर कॉफी घेऊन दारात आली. तिनं फरशीवरचा तो गुंता बघितला, रडणारी पोरगी बघितली, खुर्चीला धरून लटकलेला ओडवार बघितला.

"मासे पकडताय का?"

कुणी हसलं नाही. मग सुन्निवाच, रडता रडता, फिसकन हसली.

गुनवरला सगळं समजायला वेळ लागला नाही. ती या गावातलीच होती. तिनं कप टेबलावर आपटला. "म्हणजे तुला वाटलं मी हालवरला जाऊन सांगेन? अगं, गावातल्या अर्ध्या लोकांचं काय काय मी बघितलंय ठाऊक आहे? हालवरच्या स्वतःच्या बायकोचं बाळंतपण इथे झालं. मुलगा की मुलगी, ते त्याला बाहेर येऊन तिनं सांगितलं, मी नाही! इथलं बोललं तर माझी नोकरी जाईल. आणि गेली नाही तरी मी बोलणार नाही."

"खरंच?"

"काट्यावर ये. मी तोंड फिरवते. डॉक्टर वाचतील."

सुन्निवा उठली आणि आडोशाला जाऊन कपडे बदलून आली. काट्याशी येऊन थांबली. अनवाणी, नुसत्या इस्पितळाच्या झग्यात ती एवढीशी दिसत होती की ओडवारनं नजर खिडकीकडे वळवली.

"फिरवू नकोस तोंड," ती गुनवरला म्हणाली. "चालेल." आणि चढली.

आकडा जुन्या आकड्यापेक्षा बराच खाली थांबला, आणि त्यातही ते पाणी होतंच. डॉक्टरांनी ते मनात वजा केलं, नवीन खुणा लिहिल्या आणि मोठ्यानं वाचूनही दाखवल्या. काम दुपारवर ढकललं गेलं. तोवर सुन्निवानं फक्त बाथरूमच्या फेऱ्या मारायच्या होत्या. "खाण्याबद्दल आपण दोघी नंतर बोलू," डॉक्टर म्हणाल्या. "आज नाही. आज तुला नीट झोपवायचं आणि नीट उठवायचं, एवढंच."

दुपारी ओडवारला दारापर्यंत जाऊ दिलं. डॉक्टर उशाशी बसल्या होत्या. त्यांनी सुईतून एवढंसं औषध सोडलं आणि घड्याळाकडे न बघता पोरीच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. "सुन्निवा, तुमच्या कुत्र्याचं नाव काय?" सुन्निवानं सांगितलं. पुन्हा थोडं औषध. "आणि तो काय खातो?" "माझं... जेवण," सुन्निवा म्हणाली आणि तिच्या पापण्या मिटल्या. पहिल्या आकड्यावरून जेवढं द्यायचं ठरलं असतं त्याच्या निम्म्यातच ती निजली. डॉक्टरांनी ओडवारकडे वळून सुईत उरलेलं औषध उंच धरून दाखवलं. ओडवारनं दाराची चौकट घट्ट धरली.

तारा निघायला चहा होईपर्यंतचाही वेळ लागला नाही.

ती जागी झाली तेव्हा ओडवार खालून कॅन्टीनमधून वाफल आणि तपकिरी चीज घेऊन आला होता. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुन्निवानं एक तुकडा तोडला. मग दुसरा. ओडवारनं श्वास रोखून तिसरा तुकडाही बघितला.

"मग?" त्याला राहवेना. "काय होतं आत? अंधार की काहीच नाही?"

"काहीच नाही. कुत्र्याचं विचारलं आणि तू वाफल घेऊन आलास. मधलं कुणीतरी कापून नेलं."

"एवढंच? मी सकाळपासून वाट बघत होतो!"

"तुलाही देतील कधीतरी."

घरी जाताना पुलाच्या अलीकडे तिनं गाडी थांबवायला सांगितली. बाहेर उतरली आणि कठड्याला टेकून, बऱ्या हातानं फोन कानाला लावला. ओडवारनं गाडीची काच थोडी खाली केली. "हालवर? मी सुन्निवा... नाही, निघाल्या तारा. दुसरं सांगायचंय." मग वाऱ्यानं शब्द उचलून नेले. तिनं एक आकडा सांगितला, तेवढा त्याला ऐकू आला, कारण तो तिनं मोठ्यानं म्हटला, काट्यावर चढल्यासारखी ताठ उभी राहून. मग ती बराच वेळ ऐकत राहिली. एकदा मान हलवली. एकदा डोळे पुसले.

ती परत येऊन बसली. ओडवारच्या जिभेवर प्रश्न इतके दाटले की त्याला ते दातांमागे धरून ठेवावे लागले. काय म्हणाला? आखूड स्की? निवड? रागावला? त्यानं गाडी सुरू केली आणि पूल ओलांडला. चर्च गेलं, दुधाचं केंद्र गेलं, आणि तो एक शब्दही बोलला नाही.

"तू विचारत का नाहीस?" सुन्निवा म्हणाली.

"मला काय माहीत?"

घरी पडदा अजून खिडकीबाहेरच होता. ओडवारनं शिसं टेबलावर ओतलं आणि एका पडद्याची शिवण उसवायला बसला. सुन्निवा समोर बसून काठ धरायला लागली. एका हातानं तिला तेवढंच जमत होतं. कुत्रं येऊन तिच्या पायांशी बसलं आणि आशेनं वर बघायला लागलं.

"आज नाही मिळणार तुला," ती त्याला म्हणाली. मग दोरी आत सरकवता सरकवता, जणू पडद्यालाच सांगावं तशी म्हणाली, "स्की आखूड होणार. एवढी." तिनं बोटांनी काठावर टीचभर अंतर दाखवलं. "गुरुवारी बोलावलंय. आखूड स्कीवर कसं उडायचं ते आधी शिकू, मग निवडीचं बघू, म्हणाला."

ओडवारनं त्या टीचभर अंतराकडे बघितलं.

"एवढ्यानं उडी किती कमी पडते गं?"

"माहीत नाही," सुन्निवा म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या आवाजात आजोबांचा सूर आला. "बघायला हवं."